खारपाणातली डाळ आणि माझ्या चार ओळी

फेब्रुवारी सरता सरता पुण्याच्या माणसानं वऱ्हाडात जाऊ नये, असं मला तिघांनी बजावलं होतं. एक म्हणाला ऊन लागेल, दुसरा म्हणाला पाणी बाधेल, तिसरी माझी धाकटी बहीण, ती म्हणाली तिथले लोक तोंडावर बोलतात, तुला सोसायचं नाही. तिघांचंही खरं निघालं. ऊन आणि पाणी मी निभावून नेलं. तिसरं मात्र अजून निभत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

जायला निमित्त होतं. अमरावतीत एका मुलीच्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती आणि मी बाहेरची परीक्षक होते. जमिनीखालचं पाणी हा माझा विषय. पण खरं काम अकोल्याकडं होतं. तिथं एका लहानशा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे अढाऊ सर आहेत. त्यांना भेटून एक गोष्ट कबूल करायची होती.

ती गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमच्या क्षेत्रात कुणी काही शोधलं की निबंध लिहून शोधपत्रिकेकडं पाठवायचा. संपादक तो त्याच विषयातल्या दुसऱ्या कुणाकडं तपासायला देतो. तपासणाऱ्याला लेखकाचं नाव दिसतं, लेखकाला तपासणाऱ्याचं कधीच कळत नाही. मी असे निबंध कैक वर्षं तपासत आले. पगार नाही, पण मान मोठा. काही वर्षांपूर्वी अढाऊ सरांचा निबंध माझ्याकडं आला. अकोला आणि अमरावतीच्या मधे पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे, तिथलं भूगर्भातलं पाणी खारं. त्या पट्ट्यातल्या एका गावात कोणती विहीर कधी गोडी आणि कधी खारी होते, हे सरांनी तूरडाळ शिजायला लागणाऱ्या वेळावरून मांडलं होतं. मी त्यावर चार ओळी लिहिल्या. पद्धत शास्त्रीय नाही. स्वयंपाकघरातलं निरीक्षण हा पुरावा होऊ शकत नाही. भाषा सदोष आहे. विषयाचं महत्त्व स्थानिक आहे. निबंध परत गेला.

दोन वर्षांपूर्वी त्याच पत्रिकेकडून दुसरा निबंध आला. लेखक सहा, संस्था मोठी, दोन नावं परदेशातली. पाण्यातले क्षार ओळखायला डाळ शिजण्याचा वेळ हे स्वस्त आणि सोपं साधन आहे, असा त्यांचा शोध. मी दीड पान कौतुक लिहिलं. 'कल्पक' हा शब्द दोनदा वापरला. निबंध छापून आला, मी नकाशा पाहिला, आणि गावाचं नाव वाचून हातातला चहा तसाच राहिला. जुन्या मेलमधे शोधलं तर माझ्या चार ओळी सापडल्या. तेच गाव, तीच डाळ. कॉलेजात फोन करून विचारलं, तर ते काम अढाऊ सरांचं असं कळलं.

लपवायचं कशाला? कॉलेजचं नाव वाचून माझं मत अर्धं ठरलं होतं. उरलेलं अर्धं 'डाळ' या शब्दानं ठरवलं. मी पहिल्यांदा प्रयोगशाळेत पाऊल टाकलं तेव्हा आमचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बाई आल्या, चहाची सोय झाली." तेव्हापासून मी तिथं कधी चहाचं आधणसुद्धा ठेवलं नाही. स्वयंपाकघराचा वास येईल असं काही कागदावर दिसलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. दुसऱ्या निबंधातल्या डाळीला मात्र इंग्रजी नाव होतं आणि शेजारी आलेख होता.

अमरावती, सोमवार

अमरावतीत उतरल्यावर सकाळी पहिल्यांदा गिला वडा खाल्ला. उडदाचा मऊ वडा, वर दही, वर तिखट चटणी. पुण्यात दहीवडा म्हणून जे देतात त्याला इथल्या माणसानं हात लावला नसता. दुसरा मागवला तेव्हा दुकानदार म्हणाला, "खा बाई, लाजून नका राहू. पुन्याले हे कुठं भेटते!" मी लाजत नव्हते, वडे मोजत होते. पण खाल्ला.

परीक्षेच्या हॉलमधे खुर्च्या लावलेल्या होत्या. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर पांढरे टॉवेल, दुसऱ्या रांगेत गाद्या, तिसरीपासून नुसतं प्लास्टिक. मला टॉवेल मिळाला. शाल-श्रीफळ झालं. मग मार्गदर्शक सरांनी एक कागद पुढं सरकवला. त्यावर माझा अहवाल टाइप झालेला होता, खाली सहीपुरती जागा. "तुमाले त्रास नको म्हणून," ते अगदी मायेनं म्हणाले. पुण्यातही हेच चालतं, फक्त आम्ही आदल्या आठवड्यात मेलवर उरकतो आणि हॉलमधे नवखे चेहरे करून बसतो. इथं निदान उघडपणे होतं.

मुलीचं नाव पूनम. मी एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मार्गदर्शकांनी दिलं. दुसरा विचारला, त्याचं विभागप्रमुखांनी. तिसऱ्याला जेवण तयार असल्याचा निरोप आला. पुरी, श्रीखंड, वांग्याची भाजी. पंगतीत पूनम वाढायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "मॅडम, मले विचारलं असतं तं मी सांगितलं असतं. महिनाभर तयारी करून राहिली व्हती." माझ्या पानात श्रीखंड होतं आणि पर्समधे सही केलेल्या अहवालाची प्रत. मी म्हणाले, "अभिनंदन." दुसरं काय म्हणणार होते?

संध्याकाळी बॅगेची चेन तुटली. मिळालेली शाल बॅगेभोवती गुंडाळून गाठ मारली. पुढचा सगळा प्रवास माझी बॅग सत्कारमूर्तीसारखी शाल पांघरून हिंडली.

रिद्धपूर, मंगळवार

अढाऊ सरांना बुधवारचा वेळ होता, म्हणून मधल्या दिवशी रिद्धपूरला गेले. महानुभावांचं हे मोठं स्थान. वाटेत संत्र्यांच्या बागा, मधेच हरभऱ्याची काढणी, आणि उत्तरेला सातपुड्याची धुरकट रेघ. गाव शांत. पूजेची गर्दी नाही, घंटांचा गोंगाट नाही. देवाचे पाय जिथं जिथं लागले तिथं तिथं ओटे बांधलेत, त्यांना लोक माथा टेकतात.

एका मठात काळ्या वस्त्रातले म्हातारे बाबा भेटले. मी काय करते ते त्यांनी विचारलं. सांगितलं, दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासते. त्यांना ते फार आवडलं. म्हणाले, "आमच्या इथंबी तपासनी झाली हाय, सात-साडेसातशे वर्षांआधी. स्वामी गेल्यावर आठवनी गोळा केल्या. पन कशा? ज्यानं डोळ्यानं पायलं त्याच्या दारात जाऊन. बाई असो, गुराखी असो. अन् एकानं असं सांगितलं, दुसऱ्यानं तसं, तं दोनी लिहून ठेवलं. खोडलं नाई."

"आणि ज्यांनी गोळा केलं ते मोठे पंडित होते ना?" मी विचारलं.

"व्हते ना. म्हनूनच दारात गेले," बाबा म्हणाले.

पुण्यात असते तर या वाक्यावर मी हसून मान डोलावली असती. तिथं मला खाली बघावंसं वाटलं. मी कुणाच्या दारात गेले होते? खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते.

अकोला आणि पातूर, बुधवार

अढाऊ सर अकोल्याला बसस्टँडवर घ्यायला आले. पन्नाशीचे, बारीक, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक चिमुकली वही. मी त्यांना फोनवर एवढंच सांगितलं होतं की खारपाणाच्या पाण्यावर काम करते, तुमचं गाव पाहायचं आहे. माझी शालीतली बॅग पाहून त्यांनी काही विचारलं नाही. पुण्याची माणसं विचित्र असतात हे त्यांनी गृहीत धरलं असावं.

"आज गावाले नाई जायचं," ते म्हणाले. "आज पातूर. बहिणीकडं जेवन हाय तुमचं."

मला घाई होती. कबुली पोटात घेऊन हिंडणं सोपं नसतं. पण वऱ्हाडी आग्रहापुढं पुणेरी कार्यक्रमपत्रिका टिकत नाही, हे तोवर कळलं होतं.

पातूरला डोंगराच्या पायथ्याशी, दगडात कोरलेली जुनी लेणी आहेत. मूर्ती नाहीत, कोरीवकाम फारसं नाही, नुसते खांब आणि गार ओसऱ्या. सर सारखे घड्याळ पाहत होते. मला वाटलं बस चुकेल म्हणून. घरी पोचलो तर बहीण पातेलं उतरवतच होती. सरांनी खिशातली वही काढून काहीतरी टिपलं. ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्यांची भाजी, वर तेल, आणि वाटीभर वरण. डाळीचा दाणा शोधून सापडला नसता, लोण्यासारखी घोटली गेली होती.

"वरण कसं हाय?" सरांनी विचारलं.

"फार छान."

"गोडं पानी हाय इथलं. डोंगराचं. आपुन लेण्याइकडं निघालो तवा आधन ठेवलं, आलो तवा शिजली. उद्या हीच डाळ, याच थैलीतली, याच पातेल्यात, आपल्या गावी लावू. मंग तुमीच सांगा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हे जेवण नव्हतं. म्हणजे जेवण होतंच, पण प्रयोगाचा पहिला भाग होता. त्यांनी तुलनेसाठी गोड्या पाण्याचा नमुना आधी माझ्या जिभेवर ठेवला होता. डाळ एक, भांडं एक, वेगळं फक्त पाणी आणि चूल. मी ज्याला शास्त्रीय नाही म्हटलं होतं, ते इतकं काटेकोर होतं, आणि हे मला वाटीभर वरण संपवल्यावर कळत होतं. हातातला घास मी पानात परत ठेवला. सरांच्या बहिणीला वाटलं मिरची लागली. तिनं ताक आणून दिलं.

खारपाणातलं गाव, गुरुवार

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. अकोल्याहून दर्यापूरकडं जाताना डावीकडं रस्ता फुटतो. काळी जमीन, भेगा अशा की पाऊल सांभाळून टाकावं. तूर निघून गेलेली, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या. जमीन इतकी सकस की पाहून हेवा वाटावा, आणि खाली पाणी असं की ओलीत करावं तर पीक जळावं. घरांसमोरच्या रांजणांच्या बुडाशी पांढरी पुटं धरलेली.

शाळेच्या मागं पत्र्याच्या खोलीत बेबीबाई तायडे भेटल्या. पोरांची खिचडी त्या शिजवतात, शाळेत ही खिचडी सुरू झाल्यापासून. मुलांना त्या दिवशी सुट्टी होती. साठीच्या जवळ आलेल्या, हिरवं लुगडं, आवाज खणखणीत. सरांनी पातेलं आणि डाळीची थैली पुढं केली. त्यांनी नळाचं पाणी ओतलं, डाळ टाकली, झाकण ठेवलं आणि आम्ही बसलो.

"काहून बसले? गाव पाहून या," बेबीबाई म्हणाल्या. "हे काई लवकर होत नाई."

थोडा वेळ भटकून आलो. झाकण काढलं. दाणा टणक. पुन्हा बसलो. त्या बसण्यात मला हळूहळू सगळी हकीकत कळली.

शाळेत खिचडीचं एक रजिस्टर असतं, तांदूळ किती, डाळ किती, पोरं किती. त्याच्या समासात बेबीबाई रोज लिहायच्या की पाणी कोणत्या विहिरीचं आणि डाळ किती वेळानं शिजली. कुणी सांगितलं नव्हतं. खिचडीची वेळ चुकली की मास्तर रागवायचे, म्हणून आपल्यापुरता हिशेब. वर्षामागून वर्षं लिहीत गेल्या. त्यातून दिसलं ते असं. नाल्याकाठची विहीर पावसाळ्यानंतर गोडी लागते, पण संक्रांत झाली की फिरते आणि होळीला तर तोंडात धरवत नाही. शाळेमागची विहीर ना गोडी ना खारी, पण बारा महिने सारखी. अढाऊ सर या गावचे जावई. एकदा सहज रजिस्टर चाळलं आणि थक्क झाले. सगळे आकडे उतरवून तक्ते केले, विहिरींचं पाणी कॉलेजात तपासून जोडून पाहिलं, आणि निबंध लिहिला.

"तुमचं एकट्याचं नाव होतं?" मी विचारलं. आठवत नव्हतं. आठवायला वाचायला हवं होतं.

"नाई. पहिलं नाव प्राचार्यायचं. आमच्याकडं रीतच आहे मॅडम, पहिलं नाव सायबाचं असते. निबंधबी त्यायच्याच मेलवरून गेला."

"आणि बेबीबाईंचं?"

सरांनी चुलीकडं पाहिलं. "एका स्थानिक माहितगाराकडून, असं लिहिलं व्हतं."

"तो माहितगार म्हंजे मी," बेबीबाई मला समजावून म्हणाल्या.

तेव्हा क्षणभर मला हलकं वाटलं, हे कबूल करते. म्हणजे मी एकटीच नव्हते. मी सरांना खाली ठेवलं, सरांनी बेबीबाईंना. प्राचार्यांना काहीच न करता टॉवेलची खुर्ची मिळाली. पण हलकं वाटणं फार वेळ टिकलं नाही. कारण सर पुढं सांगू लागले.

निबंध नाकारला गेल्यावर त्यांनी नाद सोडला. बेबीबाईंना सांगितलं, आता लिहायची गरज नाही. मग एका हिवाळ्यात मोठ्या संस्थेची माणसं यंत्रं घेऊन आली. सरांनीच त्यांना गाव दाखवलं, डाळीची गोष्ट सांगितली, चहा पाजला. ती पंधरा दिवस राहिली आणि गेली. त्यांच्या छापील निबंधात नाल्याकाठची विहीर गोडी ठरली, कारण हिवाळ्यात ती असतेच गोडी. तो निबंध दाखवून पाणीयोजनेचा पंप त्याच विहिरीवर बसला. आता संक्रांतीनंतर सगळं गाव नळानं मीठ पितं. ज्यांना परवडतं ते कॅन आणतात. बाकीच्यांचे पाय सुजतात, मूत्रपिंडं जातात. बेबीबाईंचा नवरा आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिसला जातो. ते दुखणं जुनं आहे, या पंपामुळं नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. "पन आता डॉक्टर म्हनते, पानी बदला. कोठून बदलू?"

पंप शाळेमागच्या विहिरीवर हलवा म्हणून सर इंजिनिअरकडं किती फेऱ्या मारून आले. इंजिनिअर वाईट माणूस नाही. तो म्हणतो, छापील निबंधात विहीर गोडी आहे, तुम्ही एका उन्हाळ्याचं पाणी दाखवता, तेवढ्यावर योजना हलत नाही. बऱ्याच वर्षांची नोंद आणा.

नोंद कुठं होती? जुनी रजिस्टरं नियमाप्रमाणं मुदत संपल्यावर रद्दीत गेली. सरांच्या हातचे कागद वाळवीनं खाल्ले. टाइप केलेला निबंध प्राचार्यांच्या मेलमधे होता. ते निवृत्त झाले, मग वारले, मेल बंद झाला.

मी झाकण उचलून पाहिलं. दाणा बोटांत दाबला, फुटला, पण शिजला नव्हता. आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, असं वाटलं.

"सर, तुमचा निबंध माझ्याकडंच आला होता तपासायला," मी म्हणाले. "नाकारला तो मी. त्या चार ओळी माझ्या."

मी त्यांच्या ओरडण्याची तयारी ठेवली होती. निदान गप्प राहण्याची. अढाऊ सर माझ्याकडं बघत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. ते उठून उभे राहिले.

"म्हंजे तुमच्यापाशी असंल तो!"

"काय?"

"निबंध मॅडम! शेवटी तक्ते जोडले व्हते ना, सगळ्या वर्षायचे! बेबीबाई, हे पाहा, सापडलं! मॅडमपाशी हाय!" ते लहान मुलासारखे त्यांच्याकडं वळले. "मी म्हनत नव्हतो, कोठंतरी असंल म्हनून?"

आयुष्यात माझ्याकडं इतक्या आनंदानं कुणी पाहिलं नसेल. आणि मला सांगावं लागलं की मी तो पुसून टाकला. नियमच आहे तसा. तपासायला आलेला निबंध गुप्त असतो, काम झालं की नष्ट करायचा. सगळेच कुठं पाळतात? माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांकडं जुने निबंध तसेच पडून आहेत. मी मात्र अहवाल पाठवला त्याच दुपारी पुसला. मी नियमाला पक्की म्हणून माझा लौकिक आहे.

सर खाली बसले. खिशातलं पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं.

बेबीबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं आणि मला विचारलं, "पुसला तं पुसला. वाचला व्हता का पन तुमी?"

खोटं बोलता आलं असतं. "पहिलं पान," मी म्हणाले.

"तक्ते कोठं व्हते?"

"शेवटी."

"हं," त्या म्हणाल्या. "माही चवथी झाली हाय. पन कागद हातात आला का मी शेवटापर्यंत वाचते. सही करा लागते ना त्याच्यावर."

रागावल्या नव्हत्या. एवढीच माहिती त्यांना हवी होती, ती मिळाली. बहिणीनं सांगितलेलं तोंडावर बोलणं ते हे. पुण्यात मला कुणी हा प्रश्न इतक्या वर्षांत विचारला नव्हता, आणि आम्ही रोज एकमेकांचे निबंध तपासतो.

सूर्य कलला तेव्हा पातेलं उतरलं. शिजली म्हणून नाही, लाकडं संपली म्हणून. भाकरीबरोबर ते वरण मी खाल्लं. वर पाणी वेगळं, खाली डाळ वेगळी, दाताखाली दाणे, आणि मिठाचा खडा न टाकता खारट. "पोरायच्या खिचडीत मी सोडा टाकते," बेबीबाई म्हणाल्या. "त्याच्याबिगर पर्याय नाई. पन सोडा टाकला का डाळ काई सांगत नाई मंग." नोंद पुन्हा सुरू केली तर पुन्हा तितकीच वर्षं लागतील. बेबीबाई पुढच्या वर्षी काम सोडणार आहेत.

निघताना त्यांनी मला कुंकू लावलं आणि ओटीत तांदळाऐवजी तूरडाळ घातली. स्वतःच्या शेतातली. "घेऊन जा. तुमच्या पान्यात शिजंल."

पुणे

आल्याबरोबर पत्रिकेला विचारलं. नाकारलेले निबंध ठरावीक काळानं त्यांच्याकडूनही पुसले जातात. तेव्हा मी संपादकाला पत्र लिहिलं, छापण्यासाठी. त्या विहिरीचं पाणी ऋतूप्रमाणं बदलतं, छापलेला निष्कर्ष अपुरा आहे, याआधी त्याच गावात वर्षानुवर्षांची नोंद झाली होती आणि ती नाकारणारी मीच. खाली तीन नावं घातली. बेबीबाई तायडे, मग अढाऊ सर, मग मी. आधार काय, तर एका दिवशी लावलेलं डाळीचं एक पातेलं. असं पत्र माझ्याकडं तपासायला आलं असतं तर मी दोन ओळींत परत पाठवलं असतं.

अढाऊ सरांच्या निबंधाला उत्तर यायला अकरा महिने लागले होते. मला दुसऱ्या दिवशी आलं. पत्र महत्त्वाचं आहे, तुमच्यासारख्या ज्येष्ठ व्यक्तीचं प्रत्यक्ष निरीक्षण आहे, तपासणीला पाठवण्याची गरज नाही, याच अंकात घेतो. फक्त दोन सूचना. पहिल्या नावाला कुठलीच संस्था नाही, ते आभारात घ्यावं. आणि तुमचं नाव आधी असावं, म्हणजे वाचकांचं लक्ष जाईल. माझा कबुलीचा मजकूर तपासणीच्या गुप्ततेत बसत नाही म्हणून गाळला होता.

इतक्या वर्षांच्या नोंदी ज्या दारातून आत आल्या नाहीत, त्या दारातून माझं एक पातेलं नुसत्या नावावर आत गेलं. बळी तो कान पिळी म्हणतात, पण इथं कान पिळणारी मी होते, आणि मला ते नको होतं, आणि तरी ते माझ्याच हातून होत होतं.

मी सरांना फोन केला. नाही म्हणते, परत मागवते, असं सांगितलं.

"नका मॅडम," ते लगेच म्हणाले. "टाका ना तुमचं पहिलं. आमाले सवय हाय. छापील कागद पायजे फक्त. इंजिनिअरले दाखवू."

मी होकार दिला. पत्र छापलं गेलं. माझं नाव पहिलं, सरांचं दुसरं, बेबीबाईंचं शेवटी आभारात, बारीक अक्षरात. सरांनी कागद इंजिनिअरला नेऊन दिला. त्यानं वरच्या ऑफिसात पाठवला. वरच्या ऑफिसानं त्या मोठ्या संस्थेकडं अभिप्रायासाठी पाठवला. पुढं काय झालं ते कळलेलं नाही. पंप अजून नाल्याकाठी आहे.

ओटीतली डाळ मी परवा शिजवली. कुकर न लावता, साध्या पातेल्यात. भाजी चिरून होईपर्यंत शिजली. तेवढ्यात बेबीबाईंचा फोन आला. सरांनी त्यांना कागद वाचून दाखवला होता. आपलं नाव कुठं आहे हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या नवऱ्याला आता आठवड्यातून तीनदा अकोल्याला न्यावं लागतं, एवढं सांगितलं. मग म्हणाल्या, "छापलं ना बाई तुमी? बरं झालं. मंग, वाचलं का कोनी?"

गॅस बंद करायचा राहिला होता, तो मी बंद केला. त्या वाट पाहत होत्या.